स्टुडिओ २८ : दंगल आणि आठ महिने

चित्रपटगृह हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका वाङ्मयाच्या अभ्यासकाला येणे स्वाभाविक आहे. समीक्षा कलाकृतीची होते. ज्या भिंतींच्या आत ती पाहिली जाते त्या भिंतींची होत नाही. त्यांचा विचार फार तर नगराच्या इतिहासात करावा, असे आपण समजतो. परंतु नियतकालिकाच्या बाबतीत आपण असे म्हणत नाही. एखाद्या मासिकाच्या संपादकाने स्वतः एकही कथा लिहिलेली नसली तरी कोणती कथा स्वीकारली, कोणती परत पाठविली, कोणत्या कवितेशेजारी कोणता लेख छापला, यांतून त्याची वाङ्मयीन भूमिका सिद्ध होते, आणि तिची चर्चा करण्यात आपणांस काही वावगे वाटत नाही. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये जी लहान ‘विशेष’ चित्रपटगृहे निघाली त्यांचे चालक याच अर्थाने संपादक होते. त्यांनी निवड केली, आणि त्या निवडीसाठी लोकांकडून तिकिटाचे पैसे मागितले. या दुसऱ्या गोष्टीकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या गृहांपैकी मोंमार्त्रच्या चढावर, रु तोलोझे या अरुंद रस्त्यावर उभे असलेले ‘स्टुडिओ २८’ सर्वांत अधिक प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी मुख्यतः एका दंगलीची आहे. ३ डिसेंबर १९३० रोजी लुइस बुन्युएलच्या ‘सुवर्णयुग’ (‘लाज द’ओर’) या चित्रपटाच्या वेळी पडद्यावर शाई फेकण्यात आली, प्रेक्षकांना मारहाण झाली, बाहेरच्या दालनातील चित्रे फाडली गेली, आणि थोड्याच दिवसांत चित्रपटावर बंदी आली. चित्रपटाचा कोणताही इतिहास उघडला तर स्टुडिओ २८ चे नाव या प्रसंगाच्या आधाराने येते. दंगल घडली हे खरेच. तिचे महत्त्वही कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि तिच्यामुळे या गृहाच्या कार्याविषयी एक चुकीची कल्पना रूढ झाली आहे. जणू रूढ अभिरुचीला धक्का देणे आणि त्याबद्दल मार खाणे हेच अशा गृहाचे जीवितकार्य होय! स्टुडिओ २८ ची खरी कामगिरी या दंगलीच्या वर्षभर आधीची आहे, आणि ती तितकी नाट्यपूर्ण नाही.

तत्पूर्वी थोडी पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे. चित्रपटाला कलेचा दर्जा आहे हा विचार फ्रान्समध्ये प्रथम मंडळांच्या रूपाने प्रकटला. लुई देल्युकने १९२० साली ‘सिने-क्लब’ हा शब्द प्रचारात आणला. रिचिओत्तो कानुदो याने १९२१ मध्ये ‘सातव्या कले’च्या मित्रांचे मंडळ काढले. ही मंडळे लेखक, चित्रकार, संगीतकार यांची होती. तेथे बोलावणे असावे लागे, किंवा सभासद तरी व्हावे लागे. १९२४ च्या नोव्हेंबरात जाँ तेदेस्को याने व्ह्यू-कोलोंबिए या नाटकाच्या गृहात चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला, आणि निवडक चित्रपटांचे कायम, सर्वांस खुले असे गृह अस्तित्वात आले. २१ जानेवारी १९२६ रोजी आर्माँ ताल्ये आणि लोरँस मिर्गा या नट-नटींनी विद्यापीठाच्या वस्तीत ‘स्टुडिओ देझ उर्स्युलिन’ उघडले.

उर्स्युलिनच्या पहिल्या कार्यक्रमापाशी थोडे थांबले पाहिजे. मुख्य चित्रपट पाब्स्टचा ‘आनंदहीन रस्ता’ हा होता. त्याच्या जोडीला रने क्लेरचा ‘आंत्राक्त’, म्हणजे १९२४ साली एका बॅलेच्या मध्यंतरासाठी केलेला, एरिक सातीच्या संगीताचा अवखळ लघुपट. आणि या दोहोंबरोबर महायुद्धापूर्वीच्या एका जुन्या चित्रपटाची काही मिनिटे. हा तिसरा भाग प्रेक्षकांना हसविण्यासाठी होता, व ते हसतही. हावभावांची अतिशयोक्ती, रंगवलेले पडदे, नायिकेचे मूर्च्छित होणे हे सारे दहा-पंधरा वर्षांतच हास्यास्पद झाले होते. परंतु या हसण्यात एक महत्त्वाची गोष्ट घडत होती. ज्या कलेला उणीपुरी तीस वर्षे झाली होती तिलाही भूतकाळ आहे, तिच्यातही शैली जन्मतात व जुन्या होतात, हे प्रेक्षकाला व्याख्यानावाचून कळत होते. आज जे त्याला स्वाभाविक वाटते तेही उद्या असेच दिसेल, ही जाणीव पाब्स्टच्या वास्तववादाकडे पाहताना त्याच्या मनाच्या कोपऱ्यात राहत असली पाहिजे. तीन चित्रपट एका सायंकाळी शेजारी ठेवणे हे समीक्षेचे कार्य झाले. त्यात एक शब्दही लिहावा लागला नाही. (आपल्याकडे मूकपटांचा बहुतांश नष्ट झाल्यावर त्यांच्याविषयीचे कुतूहल जागे झाले. तेथे ते चित्रपट डब्यांत असतानाच जागे झाले, हा फरक लहान नाही.)

स्टुडिओ २८ उघडले ते १० फेब्रुवारी १९२८ रोजी. नावातील आकडा या सालाचाच आहे. त्याच्या आदल्याच दिवशी उर्स्युलिनमध्ये जर्मेन द्युलाकच्या ‘शिंपला आणि धर्मोपदेशक’ या चित्रपटाच्या वेळी मोठा गोंधळ झाला होता. पटकथाकार आंतोनँ आर्तो आणि त्याचे मित्र दिग्दर्शिकेवर संतापले होते. कवी रोबेर देस्नोस याने तर प्रेक्षागृहातूनच तिचा उद्धार केला. म्हणजे गोंधळ ही त्या काळात काही नवलाची गोष्ट नव्हती. पॅरिसच्या लहान गृहांतील तो जवळजवळ शिष्टाचाराचाच एक प्रकार होता.

जाँ मोक्लेर हा स्टुडिओ २८ चा संस्थापक तरुण होता, आणि पहिल्या कार्यक्रमात त्याने आबेल गान्सला मानाचे स्थान दिले. गान्सचा ‘नेपोलियन’ एप्रिल १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात दाखविला गेला होता. त्याच्या काही भागांसाठी तीन पडदे शेजारी शेजारी लागत, व तीन यंत्रांतून चित्रे टाकावी लागत. साध्या चित्रपटगृहात हे शक्य नव्हते. मोक्लेरने आपल्या गृहात ती सोय केली आणि गान्सने तीन पडद्यांसाठी केलेले छोटे प्रयोग तेथे दाखविले. व्यापारी दृष्टीने पाहता हा शुद्ध वेडेपणा होता. तीन पडद्यांचे चित्रपट जगात जवळजवळ नव्हतेच! पण आरंभीच्या या कृतीतून गृहाचे धोरण स्पष्ट होते: कलावंताच्या प्रयोगाला यंत्र व भिंती अपुऱ्या पडत असतील तर त्या बदलाव्यात. त्याच आरंभीच्या काळात आब्राम रूम या रशियन दिग्दर्शकाचा मॉस्कोतील एका खोलीत राहणाऱ्या दोन पुरुष व एका स्त्रीविषयीचा चित्रपटही तेथे दाखविला गेला. त्यात तीन पडदे नव्हते. होती ती एकच कोंदट खोली. या दोन टोकांना एकाच गृहात जागा होती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांचा ‘अंदालुसियाचा कुत्रा’ (‘अँ शिएँ आंदालू’) प्रथम दाखविला गेला तो ६ जून १९२९ रोजी, उर्स्युलिनमध्ये, निमंत्रितांसमोर. बुन्युएलने १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात त्या रात्रीचे वर्णन केले आहे: पडद्यामागे ग्रामोफोन घेऊन तो उभा होता, टँगो आणि वाग्नर यांच्या तबकड्या आलटून पालटून लावीत होता, आणि प्रेक्षक अंगावर आले तर असावेत म्हणून खिशात दगड भरून ठेवले होते. दगडांची गरज पडली नाही. टाळ्या पडल्या. नंतर मोक्लेरने हा चित्रपट घेतला आणि १९२९ च्या शरदात तो स्टुडिओ २८ मध्ये लागला. तेथे तो आठ महिने चालला.

या आठ महिन्यांचा नीट विचार व्हावयास हवा. चित्रपट जेमतेम सोळा-सतरा मिनिटांचा. त्यात कथानक नाही. काळाचा निर्देश करणारी वाक्ये मुद्दाम खोटी आहेत. आणि पहिल्याच मिनिटात वस्तऱ्याने डोळा कापला जातो. निमंत्रितांच्या त्या रात्री पिकासो, ल कोर्ब्युझिए, कोक्तो हजर होते. त्यांच्या टाळ्यांचे विशेष नाही, ती मंडळी धक्के खाण्यासाठीच आली होती. पण आठ महिने कोणतेही गृह पिकासोच्या ओळखीच्या माणसांवर चालत नाही. त्या काळात जे आले ते तिकीट काढून, मोंमार्त्रचा चढ चढून आले. कोणी कुतूहलाने, कोणी बदनामी ऐकून, कोणी बरोबरच्या मोठ्या चित्रपटासाठी. कारण सतरा मिनिटांत सायंकाळ भरत नाही आणि या लघुपटाला दुसऱ्यांच्या सोबतीनेच कार्यक्रमात बसावे लागे. या अनोळखी प्रेक्षकांपैकी किती जणांना चित्रपट ‘कळला’, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. त्यांनी तो पाहिला, रस्त्यावर पोहोचल्यावर त्याविषयी बोलले, आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठविले. दुर्बोध कलाकृती समाजात रुजते ती अशी.

गंमत अशी की, या यशाने सर्वांत अस्वस्थ झाला तो स्वतः बुन्युएल. डिसेंबर १९२९ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या मुखपत्रात त्याने पटकथा प्रसिद्ध केली आणि तिच्या प्रास्ताविकात आपल्याच प्रेक्षकांना झिडकारले. जे मूलतः हत्येचे उत्कट आवाहन होते त्यात या मूर्ख जमावाला सौंदर्य दिसले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अतिवास्तववादाच्या भूमिकेशी ही तक्रार सुसंगत आहे. ज्याला समाज उलथून टाकावयाचा आहे त्याला समाजाने दिलेली दाद अपमानासारखी वाटणारच. तथापि समीक्षकाने कलावंताचे स्वतःविषयीचे मत प्रमाण मानण्याचे कारण नाही. बुन्युएलच्या तक्रारीमागे एक गृहीत आहे: आस्वाद घेणारा प्रेक्षक कलाकृतीची धार बोथट करतो. हे गृहीत मला मान्य करता येत नाही. वस्तऱ्याचे ते दृश्य आजही पाहणाऱ्याला डोळे मिटावयास लावते. जवळजवळ शंभर वर्षांच्या आस्वादाने त्याची धार गेलेली नाही. शिवाय सौंदर्य दिसणे आणि हादरणे या परस्परविरोधी क्रिया आहेत, हे तरी कोणी सांगितले? ढगाचा पट्टा चंद्रावरून सरकतो आणि लगेच वस्तरा डोळ्यावरून फिरतो. यांतील आकारसादृश्य ज्याला जाणवले त्यालाच तो आघात पूर्णपणे बसतो. ‘मूर्ख जमावा’ला जे दिसले ते चित्रपटात होते.

मोक्लेरची थोरवी येथे दिसते. अतिवास्तववाद्यांना प्रेक्षक नको होता, त्यांना साक्षीदार किंवा शत्रू हवे होते. मोक्लेरने त्यांना प्रेक्षक दिला. कलावंताच्या इच्छेविरुद्ध त्याची कृती लोकांत नेऊन ठेवणे हे संपादकाचे कामच आहे.

‘सुवर्णयुगा’ची हकीकत या प्रकाशात पाहिली पाहिजे. व्हिकोंत शार्ल द नोआय याच्या पैशावर केलेला हा सुमारे तासाभराचा बोलपट १९३० च्या नोव्हेंबर अखेरीस स्टुडिओ २८ मध्ये लागला. चित्रपटाला रीतसर परवाना मिळालेला होता. बाहेरच्या दालनात दाली, मिरो, मान रे, तांगी आदींच्या कृती मांडल्या होत्या. ३ डिसेंबरच्या रात्री ‘देशभक्त संघ’ आणि ‘यहुदीविरोधी संघ’ यांच्या माणसांनी हल्ला केला. यांपैकी दुसऱ्या संघाचा या चित्रपटाशी काय संबंध, असे कोणी विचारील. चित्रपटात यहुद्यांचा प्रश्नच नाही. अशा हल्ल्यांत पडद्यावर काय चालले आहे याकडे हल्लेखोरांचे लक्ष असावेच लागते असे नाही. गृह कोणाचे आहे आणि तेथे कोण येते, एवढे त्यांना पुरते.

पुढचा भाग कायद्याच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. १९१९ पासून फ्रान्समध्ये चित्रपटांना राष्ट्रीय परवाना लागत असे. पण तो मिळाल्यावरही सार्वजनिक शांततेच्या कारणावरून स्थानिक पोलीसप्रमुख प्रदर्शन थांबवू शके. पॅरिसचा पोलीसप्रमुख जाँ शियाप याने हेच केले, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चित्रपटावर बंदी आली. म्हणजे शांतताभंग करणाऱ्यांनी जो भंग केला तोच बंदीचा आधार झाला! चित्रपटावर उघड बंदी घालण्यास जे कारण मंडळाला सापडले नव्हते ते शाईच्या काही बाटल्यांनी पुरविले. फ्रान्समध्ये ‘सुवर्णयुग’ सर्वांसाठी कायदेशीरपणे पुन्हा लागला तो १९८१ साली.

याच शियापच्या दबावाखाली १९२८ साली लेओं मुसिनाकच्या ‘स्पार्टाकसचे मित्र’ या मंडळाला काही महिन्यांतच आपले काम बंद करावे लागले होते. त्या मंडळाने बंदी असलेला ‘पोटेमकिन’ सभासदांपुरता दाखविला होता. येथे मंडळ आणि गृह यांतील भेद ध्यानात येतो. मंडळ सभासदत्वाच्या आडोशाने परवान्याची अट टाळू शकते. आपल्याकडील फिल्म सोसायट्याही त्याच परंपरेतील आहेत, आणि १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी मराठी रसिकांना जगाचा चित्रपट दाखविला तो सभासदत्वाच्याच मार्गाने. या मार्गाचे ऋण मोठे आहे. पण त्यात एक मर्यादा अंगभूत आहे: जो येतो तो आधीच पटलेला असतो. स्टुडिओ २८ ने परवाना घेतला, दार उघडे ठेवले, आणि त्यामुळेच त्या दारातून शाईच्या बाटल्याही आत आल्या. आठ महिने ज्या दारातून अनोळखी रसिक आला त्याच दारातून हल्लेखोर आला. दोघांनीही तिकीट काढले असणार. एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवण्याची युक्ती खुल्या गृहापाशी नसते.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. बोलपटांची यंत्रे महाग होती, मूक प्रयोगपटांचा काळ संपत आला होता, आणि बंदीचा फटका बसला तो वेगळाच. तिसाव्या दशकात गृह मोक्लेरच्या हातून गेले. नव्या चालकाने अमेरिकन विनोदी चित्रपटांवर भर दिला. याला अधःपात म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मार्क्स बंधूंच्या विक्षिप्त तर्काला ‘अंदालुसियाचा कुत्रा’ पाहिलेल्या भिंतींत जितका योग्य शेजार मिळाला असेल तितका अन्यत्र क्वचितच. १९४८ साली गृह रुलो बंधूंकडे आले आणि १९५० मध्ये जाँ कोक्तोने त्याच्यासाठी दिव्यांची रचना केली. ते दिवे हे गृहाचे भूषण ठरले. १९५५ मध्ये फ्रान्समधील अशा गृहांची ‘कला आणि प्रयोग’ संघटना स्थापन झाली, यथावकाश शासनाने या वर्गाला मान्यता दिली, आणि वर्गीकरणाबरोबर अनुदानही आले. या व्यवस्थेमुळे कित्येक गृहे जगली हे नाकारता येणार नाही. मात्र मोक्लेरच्या वेळी जी जोखीम होती तिचा आता प्रकार झाला. कोणता चित्रपट ‘कला आणि प्रयोग’ म्हणावयाचा, हे ठरविणारी समिती असली की चालकाच्या निवडीतील संपादकीय धाडस काही अंशी त्या समितीकडे जाते. नाटकाच्या अनुदानाविषयीचे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हा पेच नवा वाटणार नाही.

दंगलीची आख्यायिका गृहाला उपयोगी पडली, यात शंका नाही. परंतु आख्यायिकेचा धोका असा की, ती प्रेक्षकाला बाजूला सारते. दंगलीच्या कथेत पात्रे तीन असतात: बंडखोर कलावंत, उन्मत्त जमाव आणि जुलमी अधिकारी. ज्याने त्या रात्री मार खाल्ला, आणि ज्याने त्याआधी आठ महिने मुकाट्याने तिकीट काढले, तो सामान्य रसिक या कथेत कोठेच नाही. बुन्युएलने त्याला मूर्ख ठरविले, इतिहासकारांनी त्याला विसरून टाकले.

त्याला पडद्यावर जागा मिळाली ती एका अनपेक्षित ठिकाणी. २००१ सालच्या ‘आमेली’ या अतिशय लोकप्रिय आणि, माझ्या मते, काहीशा गोडगोड चित्रपटाची नायिका शुक्रवारी सायंकाळी चित्रपटाला जाते; ते दृश्य स्टुडिओ २८ मध्ये चित्रित झाले आहे. तेथे पडद्यावर त्र्युफोचा १९६२ सालचा ‘ज्यूल आणि जिम’ चालू आहे. त्या चित्रपटातही एक चित्रपटगृह येते. ज्यूल, जिम आणि कात्रीन तेथे पुस्तकांच्या होळीचे वृत्तचित्र पाहतात, आणि ते दृश्य चित्रित झाले आहे उर्स्युलिनमध्ये. आमेली सांगते की, पडद्यावरचा असा एखादा बारीक तपशील टिपावयास तिला आवडते, जो दुसऱ्या कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी एक गोष्टही तिला आवडते: अंधारात मागे वळून इतरांचे चेहरे पाहणे. ती वळते, आणि क्षणभर रु तोलोझेवरील त्या खुर्च्यांत बसलेली अनोळखी माणसे दिसतात, पडद्याच्या उजेडात, तोंडे किंचित उघडी असलेली.